शालेय फुलबाग : जागेची निवड
(इयत्ता चौथी व पाचवी – परिसर अभ्यास आणि कार्यानुभव यांस जोडून घ्यावयाचा पाठ)

शाळा उघडतात त्या वेळी पावसाची पहिली सर बहुधा पडून गेलेली असते. जमीन मऊ झालेली, मुले उत्साहात, बी-बियाणे हाताशी. मग एक दिवस ठरवून वाफे आखले जातात आणि शाळेच्या बागेचा प्रारंभ होतो. पुढे दिवाळीच्या सुट्टीनंतर पाहावे तर काही शाळांतून झेंडू, शेवंती, गॅलार्डिया यांनी अंगण भरून गेलेले असते आणि काही शाळांतून उंच, पिवळट, एका बाजूस कललेली रोपे केवळ पाने मिरवीत उभी असतात. बी तेच, खत तेच, पाणीही रोजचेच. तरीही फूल नाही. अशा वेळी दोष बियाण्यास दिला जातो, मातीस दिला जातो आणि पुष्कळदा मुलांस दिला जातो. जागेचा विचार मात्र क्वचितच होतो.

फुलझाड एकदा लावले की ते जागा बदलू शकत नाही. मनुष्य सावलीतून उन्हात येतो, गुरे पाण्याकडे जातात. रोपास जेथे लावावे तेथेच जगावे लागते. म्हणून लावणाऱ्याने त्याच्या वतीने आधी विचार करावयाचा असतो. हा विचार करण्याची सवय मुलांस लागावी, हे या पाठाचे मुख्य प्रयोजन होय.

१. एका बागेचा दाखला

एका खेड्यातील शाळेची इमारत पूर्व-पश्चिम लांब, स्लॅबची, सुमारे ४ मीटर उंचीची होती. गावाचा रस्ता उत्तरेकडून जात असे. येणाऱ्या-जाणाऱ्यांस बाग दिसावी म्हणून उत्तरेच्या भिंतीस लागूनच २ मीटर रुंदीचे वाफे आखण्यात आले. जूनमध्ये त्या जागी चांगले ऊन येत होते; त्यामुळे कोणासही शंका आली नाही. सप्टेंबरच्या अखेरीस तेथे झेंडूची रोपे लावली. एक वाफा चौथीतील एका मुलीकडे सोपविला होता. ती रोज न चुकता पाणी घाली, तण काढी. इमारतीच्या दक्षिणेस दुसऱ्या मुलांनी उरलीसुरली रोपे लावली होती. प्रजासत्ताक दिनास दक्षिणेकडील फुलांचे हार झाले. मुलीच्या वाफ्यात एकही फूल नव्हते. ‘निगा नीट राखली नाही’ असा शेरा तिच्या वाट्यास आला.

निगेत उणे काहीच नव्हते. ऑक्टोबरच्या मध्यापासून त्या वाफ्यावर सूर्याचा थेट किरण पडलाच नव्हता. असे का झाले, हे समजून घेणे म्हणजे या पाठाचा निम्मा भाग समजून घेणे होय.

२. जूनचे ऊन आणि डिसेंबरचे ऊन

सूर्य पूर्वेस उगवतो, माध्यान्ही डोक्यावर येतो व पश्चिमेस मावळतो, एवढे मुलांस ठाऊक असते. परंतु माध्यान्हीचा सूर्य वर्षभर एकाच ठिकाणी नसतो. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस तो बरोबर डोक्यावर येतो. यासच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. या दोन दिवसांच्या दरम्यान, म्हणजे नेमक्या शाळा उघडण्याच्या सुमारास, तो किंचित उत्तरेस झुकलेला असतो. त्यामुळे इमारतीच्या उत्तर बाजूसही भरपूर ऊन मिळते. त्यानंतर सूर्य दिवसेंदिवस दक्षिणेकडे सरकतो आणि इमारतीची सावली उत्तरेकडे लांबत जाते. २२ डिसेंबरच्या सुमारास ती माध्यान्हीस सर्वाधिक लांब असते.

१ मीटर लांबीची काठी सपाट जमिनीत सरळ उभी केली, तर तिची माध्यान्हीची सावली पुण्याकडे २१ जूनला सुमारे ९ सेंटिमीटर व दक्षिणेकडे, २३ सप्टेंबरला सुमारे ३३ सेंटिमीटर व उत्तरेकडे, आणि २२ डिसेंबरला सुमारे ९० सेंटिमीटर व उत्तरेकडे पडते. कोल्हापुराकडे डिसेंबरची ही सावली थोडी आखूड, सुमारे ८४ सेंटिमीटर भरते, तर नागपुराकडे ती जवळजवळ काठीएवढीच होते.

काठीस जे लागू तेच भिंतीस लागू. ४ मीटर उंचीच्या भिंतीची सावली पुण्याकडे डिसेंबरात माध्यान्हीस सुमारे ३.६ मीटर पडते. हिवाळ्यात सकाळी व सायंकाळी तर ती उत्तरेकडे याहूनही अधिक पसरते. म्हणून लांब भिंतीलगतच्या तेवढ्या पट्ट्यास त्या दिवसांत ऊन मिळत नाही. वर सांगितलेल्या शाळेत ऑक्टोबरच्या मध्यास ही सावली २ मीटरपर्यंत पोहोचली आणि संपूर्ण वाफा तिच्याखाली गेला.

यावरून एक सोपा नियम निघतो. हिवाळी फुलांचे वाफे इमारतीच्या उत्तरेस करावयाचे असल्यास भिंतीपासून निदान भिंतीच्या उंचीएवढे अंतर सोडावे. जूनमध्ये आज ऊन कोठे पडते हे पाहून भागत नाही. फुले ज्या महिन्यात यावयाची, त्या महिन्यात ऊन कोठे पडेल हे पाहिले पाहिजे.

इमारतीच्या इतर बाजूंचे स्वरूप पुढीलप्रमाणे असते. दक्षिण बाजूस हिवाळ्यात दिवसभर ऊन राहते. बहुतेक फुलांस ती उत्तम. पूर्व बाजूस सकाळचे कोवळे ऊन मिळते व दुपारनंतर सावली येते. उन्हाळ्यात जगवावयाच्या झाडांस ती सोयीची. पश्चिम बाजूस दुपारचे कडक ऊन पडते, शिवाय तापलेली भिंत सायंकाळपर्यंत उष्णता बाहेर टाकीत राहते. तेथे काटक झाडेच टिकतात.

३. मोठ्या झाडांची सोबत

चिंच, वड, कडुनिंब यांसारखी झाडे शाळेचे भूषण असतात. त्यांच्या पाराभोवती फुलझाडांची कडी करण्याचा मोह सहज होतो. तेथे अडचण दुहेरी असते. वर फांद्या ऊन अडवितात आणि खाली मुळे ओलावा ओढून घेतात. ही मुळे फांद्यांच्या घेरापाशी थांबत नाहीत. त्याच्याही बाहेर जातात. वाफा खणताना बोटाएवढ्या जाडीची मुळे वारंवार लागू लागली, तर ती जागा सोडून द्यावी. मुळे तोडून वाफा करणे हे मोठ्या झाडावरही अन्याय करणारे आहे आणि लहान झाडांसही त्याचा लाभ थोडेच दिवस होतो. पाराभोवतीची जागा मुलांस बसण्यासाठी राखावी.

४. माती आणि निचरा

जागेवर ऊन आहे असे ठरले की मग जमिनीकडे वळावे. कोकणातील जांभ्याची जमीन, देशावरील काळी जमीन, माळावरील मुरमाड जमीन यांचे स्वभाव वेगवेगळे. काळी माती पावसात पाणी धरून ठेवते व उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम पाणी लवकर सोडून देतो. पोयट्याची, भुसभुशीत जमीन फुलांस मानवते. पण ती सर्वत्र मिळत नाही. शाळेच्या आवारात तर बांधकामाच्या वेळी पडलेले विटांचे तुकडे, चुना, सिमेंट हेही मातीत मिसळलेले असते. म्हणून वाफा आखण्यापूर्वी एक खड्डा अवश्य घ्यावा.

हा खड्डा ३० सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद व तितकाच खोल असावा. तो पाण्याने भरावा. पाणी जिरून गेल्यावर दुसऱ्यांदा भरावा आणि या वेळी पाणी जिरण्यास किती वेळ लागतो तो पाहावा. काही तासांत पाणी जिरले तर निचरा समाधानकारक समजावा. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरतेवेळीही पाणी उभे असेल, तर त्या जागी सपाट वाफा करू नये. मुळांस हवा न मिळून ती कुजतात. अशा ठिकाणी शेणखत व वाळू मिसळून १५ ते २० सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करावा. पाणी क्षणात नाहीसे झाले, तर कुजलेले खत व पालापाचोळा घालून जमिनीची धारणशक्ती वाढवावी.

कोकणात पावसाचे मान २,५०० मिलिमीटरच्याही पुढे जाते. तेथे उतारावर किंवा उंचवट्यावर वाफे घ्यावेत. अवर्षणप्रवण तालुक्यांत ५००–६०० मिलिमीटर पावसावर भागवावे लागते. तेथे वाफा किंचित खोलगट ठेवून पाणी आत राहील असे करावे. एका जिल्ह्याचा नियम दुसऱ्या जिल्ह्यास जसाच्या तसा लावू नये.

पावसाळ्यात आणखी एका गोष्टीकडे लक्ष असावे. कौलारू किंवा पत्र्याच्या छपराच्या पागोळ्या जेथे पडतात, तेथे जमिनीत चर पडतो, माती वाहून जाते आणि रोपांच्या मुळ्या उघड्या पडतात. पागोळ्यांची रेषा पहिल्या पावसातच खुंट्या रोवून दाखवून ठेवावी व वाफा तिच्या अर्धा मीटर बाहेर घ्यावा.

५. पाणी आणि मुलांचे श्रम

बागेस पाणी घालण्याचे काम मुले आनंदाने करतात. म्हणूनच ते मोजून घेतले पाहिजे. पुढील उदाहरण गणिताच्या तासास घेता येईल.

३ मीटर लांब व १ मीटर रुंद असे ४ वाफे आहेत. एकूण क्षेत्र १२ चौरस मीटर. हिवाळ्यात दर चौरस मीटरास रोज ५ लिटर पाणी धरले (मातीप्रमाणे हे कमीजास्त होईल), तर रोज ६० लिटर पाणी लागेल. एका मुलाने एका वेळी ३ लिटरचा डबा नेला, तर २० खेपा होतील. पाण्याची जागा ८० मीटर दूर असेल, तर जाऊन-येऊन १६० मीटर, म्हणजे रोज ३,२०० मीटर चालणे झाले. तीच जागा १५ मीटरवर असेल, तर ६०० मीटर. बी, खत व मेहनत तेवढीच ठेवून केवळ जागा बदलल्याने मुलांचे अडीच किलोमीटरांहून अधिक चालणे वाचते.

ज्या गावी उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची ओढाताण होते, तेथे हा प्रश्न अधिकच गंभीर होय. दुपारच्या भोजनानंतर हात धुतलेले पाणी सर्वत्र वाहून जाते. हात धुण्याच्या जागेच्या उताराच्या बाजूस बाग केल्यास त्या पाण्याचा उपयोग होतो. मात्र साबणाचे पाणी एकाच ठिकाणी सतत सोडू नये, आणि पाण्याचे डबकेही साचू देऊ नये; त्यात डास होतात. तशा ओलसर जागी कर्दळ लावावी. ती उन्हात व ओलाव्यात उत्तम वाढते. वाफ्यांवर पालापाचोळ्याचे आच्छादन घातल्यास ओल टिकते आणि खेपा कमी होतात.

६. वाट, वारा आणि शेळ्या

मधल्या सुट्टीत मुले वर्गातून मैदानाकडे कोणत्या वाटेने धावतात, हे एक दिवस पाहून घ्यावे. पावलांनी पडलेली वाट वाफा आखून बंद होत नाही. वाफाच तुडविला जातो आणि मग धावणाऱ्यांस शिक्षा होते. वाट वाटेस ठेवावी व बाग तिच्या कडेस करावी.

पावसाळी वारा मुख्यतः नैर्ऋत्य व पश्चिम दिशेकडून येतो. डेलिया, कॉसमॉस यांसारखी नाजूक खोडाची झाडे उघड्या पश्चिमेस लावू नयेत. लावल्यास काठीचा आधार द्यावा. शेळ्या व कोंबड्या यांचा उपद्रव खेड्यातील प्रत्येक शाळेस ठाऊक आहे. सर्व आवारास कुंपण करणे शक्य नसेल, तर बाग एकाच ठिकाणी करावी, म्हणजे थोड्या काट्यांत काम भागते. विखुरलेले आठ वाफे राखण्यापेक्षा एकत्र चार वाफे राखणे सोपे.

कुंपणासाठी कण्हेर किंवा बिट्टी सुचविली जाते, कारण गुरे त्यांस तोंड लावीत नाहीत. परंतु या दोन्ही झाडांचे सर्व भाग विषारी आहेत, आणि बिट्टीच्या बिया तर मुले खेळावयास घेतात. प्राथमिक शाळेच्या आवारात ही झाडे लावू नयेत.

७. कोणते फूल कोठे

दिवसातून ६ तास किंवा अधिक ऊन मिळते त्या जागी झेंडू, गॅलार्डिया, झिनिया, कॉसमॉस, निशिगंध, मोगरा व जास्वंद लावावीत. गुलाबासही भरपूर ऊन हवे. सकाळचे ऊन व मोकळी हवा मिळाल्यास पानांवरील दव लवकर सुकते आणि रोग कमी होतो. ऑफिस टाइम हे छोटे फूल तर उन्हात उमलते व ऊन गेले की मिटते. ते लावले म्हणजे मुलांस ऊन मोजण्याचे एक साधनच मिळते.

रूक्ष, मुरमाड व तापट जागी सदाफुली लावावी. ती थोड्या पाण्यावर तग धरते. पाणी साचलेले मात्र तिला सोसत नाही.

दोनचार तास ऊन व बाकी वेळ सावली अशा जागी अबोली, गुलबक्षी व पावसाळ्यात तेरडा ही झाडे येतात. तेरड्यास ओल हवी. गुलबक्षीची फुले तिसऱ्या प्रहरी उमलतात. शाळा सुटण्याच्या सुमारास मुलांस ती पाहता येतात.

शेवंतीची गोष्ट निराळी. तिला दिवसा ऊन हवेच, पण रात्री अंधारही हवा. रात्र पुरेशी लांब झाली म्हणजे ती कळी धरते. दिवसरात्रीच्या लांबीचा फुलण्याशी असा संबंध असतो, हे गार्नर व अलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली प्रसिद्ध केले. आज अनेक शाळांच्या आवारात रात्रभर जळणारे सौर दिवे आहेत. अशा दिव्याखाली शेवंती लावल्यास पाने भरपूर येतात आणि कळ्या लांबतात किंवा येतच नाहीत. दिव्याच्या उजेडाबाहेर तिची जागा करावी.

८. पाठाची मांडणी

कालावधी : दोन तासिका व एक दिवसाचे निरीक्षण.
साहित्य : १ मीटर लांबीची काठी, मोजपट्टी, चुना, खुंट्या, कुदळ, बादली, आवाराचा कच्चा नकाशा.

पहिली पायरी. मुलांचे पाच गट करावेत. प्रत्येक गटास आवारातील एक जागा द्यावी. सकाळी ८, १०, १२, दुपारी २ आणि ४ वाजता त्या जागी ऊन आहे की सावली, एवढेच लिहावयास सांगावे. शाळेच्या वेळेबाहेरची नोंद जवळ राहणाऱ्या मुलांकडे द्यावी.

दुसरी पायरी. काठी उभी करून तिची सर्वांत आखूड सावली मोजावी. ती घड्याळात बरोबर बारा वाजता पडत नाही. पुण्याकडे ती हिवाळ्यात साधारण साडेबाराच्या सुमारास पडते. त्याच वेळी इमारतीची सावलीही मोजावी. काठीची सावली व काठीची उंची यांच्या प्रमाणावरून इमारतीची उंची मुलांकडून काढवून घ्यावी.

तिसरी पायरी. डिसेंबरात सावली कोठवर येईल ते गणित करून चुन्याने जमिनीवर रेषा ओढावी. ही रेषा ओढताना वर्गात होणारे संभाषण साधारण असे असेल :

“गुरुजी, आज तर इथे ऊन आहे. मग रेषा एवढ्या लांब का?”
“झेंडू आज फुलणार आहे का?”
“नाही. दिवाळीनंतर.”
“मग दिवाळीनंतरची सावली आज ओळखली पाहिजे. सूर्य कोठे कोठे जातो ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून ओळखता येते.”

चौथी पायरी. खड्ड्याची परीक्षा व पाण्याच्या अंतराची मोजणी करून प्रत्येक गटाने आपल्या जागेविषयी मत द्यावे. मत देताना ‘मला आवडते’ हे कारण चालणार नाही. ऊन, माती, पाणी व वाट या चारही गोष्टी सांगाव्यात. ज्या जागेच्या बाजूने अधिक कारणे येतील ती सर्वांनी निवडावी, मग ती रस्त्यावरून दिसो वा न दिसो.

वर ज्या शाळेचा दाखला दिला आहे, तेथे पुढील वर्षी हाच पाठ घेण्यात आला. रेषा ओढून झाल्यावर जुना वाफा संपूर्णपणे रेषेच्या आत गेला. तो वाफा राखणारी मुलगी आता पाचवीत होती. तिने विचारले, “म्हणजे मी पाणी कमी घातले नव्हते?” शिक्षकांनी सर्व मुलांदेखत सांगितले, “नाही. तुझे काम चोख होते. जागा आम्ही मोठ्यांनी चुकीची दिली होती.” त्या वर्षी तिच्या गटाने वाफे रेषेच्या बाहेर घेतले आणि जुन्या जागी अबोली लावावी की नाही, हे ठरविण्यासाठी तेथील उन्हाची नोंद महिनाभर ठेवली.

मुलांच्या हातून न झालेल्या चुकीचा ठपका त्यांच्यावर राहिला, तर त्यांचा श्रमावरील विश्वास उडतो. कारण शोधून दिले, तर तोच प्रसंग शास्त्राचा पाठ होतो. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेपासून हाताच्या कामातून शिक्षण हा विचार आपल्या प्राथमिक शिक्षणात आहे. हाताने काम केले आणि त्यामागील कारण कळले नाही, तर ती केवळ मजुरी होईल, ही दक्षता बागेतही बाळगावी.

९. स्वाध्याय

(१) तुमच्या घराच्या चार बाजूंपैकी कोणत्या बाजूस हिवाळ्यात सर्वाधिक ऊन असते? सुट्टीच्या दिवशी पाहून लिहा.
(२) ३ मीटर उंचीच्या भिंतीची सावली, १ मीटर काठीची सावली ९० सेंटिमीटर असताना, किती लांब पडेल?
(३) दिव्याखालील शेवंती का फुलत नाही?
(४) पाणी साचणाऱ्या जागी सदाफुली व कर्दळ यांपैकी कोणते झाड लावाल? कारण द्या.
(५) घरातील वडीलधाऱ्यांस विचारा : तुळस व फुलझाडे अंगणात ज्या जागी आहेत, त्याच जागी का लावली?

१०. नोंदवही

प्रत्येक शाळेने बागेची एक स्वतंत्र नोंदवही ठेवावी. तीत आवाराचा नकाशा, जून, सप्टेंबर व डिसेंबर या महिन्यांतील सावलीच्या रेषा, खड्ड्याच्या परीक्षेचा निकाल, आणि कोणत्या वाफ्यात कोणते झाड चांगले आले व कोणते आले नाही, हे तारखेसह लिहावे. न आलेल्या झाडांची नोंद विशेष काळजीने करावी. शिक्षकांची बदली होते, मुले वरच्या वर्गात जातात. नोंदवही शाळेत राहते. पुढील जूनमध्ये नवे शिक्षक कुदळ घेऊन वाफा आखण्यास निघतील, तेव्हा त्यांनी प्रथम ती उघडावी.